वाचनालयाच्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

पाचवीत लेकीला मेढ्याहून साताऱ्याच्या शाळेत घातलं, तेव्हा तिच्या ‘व्हय-न्हाय’ला वर्गातली पोरं हसायची. सदाशिव पेठेतल्या तुमच्या वाचनालयात तिला आणलं, ते खरं तर हातातला मोबाईल सुटावा म्हणून. तुम्ही फार चौकशी न करता भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तिच्यापुढे ठेवलात. फुरसुंगीचा काटकुळा बन्या पुण्याच्या विद्याभवनात शिकतो आणि भल्याभल्यांचे डाव उधळतो. पुढच्या खेपेला ती तुमच्याशी भरभरून बोलली, तेही थेट मेढ्याच्या बोलीत.

पण खरे आभार ‘श्यामची आई’चे. पोहायला घाबरून श्याम माळ्यावर लपतो आणि आई त्याला शिमटीने फोडून काढते, ते वाचून ही भडकलीच. “लोक भित्रा म्हणतील म्हणून मारलं ना? मग मारलं पोरासाठी का लोकांसाठी?” मी तिला गप्प करणार होते. संस्कारांचं पुस्तक म्हटल्यावर आपण हात जोडूनच बसतो! तुम्ही मात्र रजिस्टर मिटून तिचं सगळं ऐकून घेतलंत. मग म्हणालात, “साने गुरुजींनी हे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. आई एवढी लाडकी, तरी अंगावरचे वळ लपवले नाहीत. म्हणून तर तुला भांडता येतंय.” त्या दिवशी पुस्तक परत न करता तिने मुदत वाढवून घेतली.

हॅरी पॉटरमधल्या बोलक्या टोपीवरून तर तुमची किती जुंपली होती! जादूच्या शाळेत कोण कुठल्या घरात जाणार ते ही टोपी ठरवते; ती हॅरीला स्लिदरिन नावाच्या घरात घालायला बघते, तो मनातल्या मनात ‘तिथे नको’ म्हणतो आणि टोपी ऐकते. आपल्याकडे आडनाव कळलं की माणूस कुठल्या घरात ते लगेच ठरतं, आणि ‘नको’ म्हटलेलं कोणी ऐकतही नाही. हे तुम्ही पोरांसमोर आडपडदा न ठेवता बोललात. एका पालकाला ते झोंबलं, असं कानावर आलं. झोंबू दे.

आता ती नववीत आहे. अण्णाभाऊ साठ्यांचा ‘फकिरा’ मागतेय. वाटेगाव शेजारच्याच सांगली जिल्ह्यातलं, हेही तिनेच मला सांगितलं. तुमची प्रत कोणी नेली असेल तर तिचं नाव पुढच्या नंबरला लावून ठेवा. वर्गणी शनिवारी आणून देते.

तुमची,
एका वाचक पोरीची आई