‘संपर्क तुटला’ आणि विद्यार्थी वैमानिकाच्या हातातील दहा मिनिटे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

प्रशिक्षणाच्या विमानाबाबत ‘संपर्क तुटला’ अशी बातमी आली की विद्यार्थ्यांच्या आईवडिलांच्या काळजाचा ठोका चुकतो. बारामती, गोंदिया, धुळे या ठिकाणी आपली मुलेमुली विमान चालवायला शिकतात, म्हणून या विषयावर, पूर्वी प्रशिक्षक म्हणून काम केलेल्या माणसाच्या नात्याने, चार शब्द लिहीत आहे.

सेसना १५२ सारख्या छोट्या विमानात वीज गेली तरी इंजिन बंद पडत नाही. ठिणगी देणारे दोन मॅग्नेटो इंजिनाबरोबरच फिरतात आणि त्यांना बॅटरीची गरज नसते. पेट्रोलही पंखांतील टाक्यांतून आपल्या वजनानेच खाली येते. बंद पडतात ते रेडिओ, ट्रान्सपाँडर (रडारला विमानाची ओळख कळवणारे यंत्र), दिवे, पेट्रोलचे काटे आणि विजेवर चालणारे फ्लॅप (कमी वेगात उतरता यावे म्हणून पंखांच्या मागच्या कडेला असलेल्या झडपा). म्हणजे विमान उडत राहते, फक्त ते मुके आणि बहिरे होते.

विद्यार्थी असताना एकट्याने केलेल्या लांबच्या उड्डाणात मला याचा अनुभव आला. कमी व्होल्टेजचा लाल दिवा लागला आणि अ‍ॅमीटरचा काटा शून्याच्या डावीकडे गेला, म्हणजे बॅटरी भरण्याऐवजी रिकामी होऊ लागली होती. दिवाच बिघडला असेल असे समजून मी काचेवर टिचकी मारली आणि सगळी उपकरणे तशीच चालू ठेवली. दहाएक मिनिटांनी हेडसेटमध्ये खरखर सुरू झाली, विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्यावरचा आवाज बारीक होत गेला आणि नंतर काहीच ऐकू येईना. पाठांतराप्रमाणे मी ट्रान्सपाँडरवर ७६०० हा रेडिओ बंद पडल्याचा संकेतांक लावायला हात नेला, तर तोही विझलेला होता.

इथेच शिकवण्यातली चूक आहे. केवळ रेडिओ बिघडणे आणि वीजच जाणे हे दोन वेगळे प्रसंग एकाच धड्यात, एकाच दमात सांगितले जातात. रेडिओ बिघडला असेल तर आवाजाची खुंटी, हेडसेटची सैल पिन, चुकीची फ्रिक्वेन्सी किंवा अडकून बसलेले बोलण्याचे बटण आधी तपासावे, आणि तरीही जमले नाही तर ७६०० लावावे, हे बरोबरच आहे. परंतु इंजिनावर फिरून वीज तयार करणारा अल्टरनेटर गेला असेल तर बॅटरीत उरलेली वीज हीच सारी शिल्लक असते. मास्टर स्विचचे (विजेच्या मुख्य बटणाचे) बॅटरीचा आणि अल्टरनेटरचा असे दोन्ही भाग एकदा बंद करून पुन्हा चालू करावेत. कमी व्होल्टेजचा दिवा परत लागला तर अल्टरनेटर बंद ठेवावा, रेडिओ चालतो आहे तोवर आपण कुठे आहोत आणि कुठे उतरणार हे मनोऱ्याला सांगून टाकावे, आणि मग गरज नसलेले सर्व काही बंद करावे. मी वाया घालवली ती नेमकी ही दहा मिनिटे.

पुढे मनोऱ्यावरून दिव्याचे संकेत मिळाले. स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट देऊन घिरट्या घालत राहा, लुकलुकता लाल म्हणजे इथे उतरू नका, हे सारे मला तोंडपाठ होते. तो दिवा प्रत्यक्ष कसा दिसतो, हे मात्र कोणी कधी दाखवले नव्हते. दुपारच्या उन्हात मनोऱ्याच्या काचांमधला तो हिरवा ठिपका शोधायला मला दोन फेऱ्या माराव्या लागल्या. तो दिसल्यावर पंख हलवून उत्तर दिले. फ्लॅप उतरेनात, त्यामुळे वेग थोडा अधिक ठेवावा लागला आणि विमान धावपट्टीवर बराच वेळ टेकेना. मेकॅनिकने पुढचे झाकण उघडले तेव्हा अल्टरनेटरचा पट्टा तुटून पडलेला होता.

यावर उपाय खर्चिक नाही. प्रशिक्षकाने शेजारी बसून, न सांगता, मास्टर स्विचचा अल्टरनेटरकडील अर्धा भाग बंद करावा आणि ते विद्यार्थ्याच्या लक्षात यायला किती वेळ लागतो ते पाहावे. मनोऱ्याशी आधी ठरवून सर्व संकेत एकदा तरी हवेतून दाखवावेत आणि फ्लॅपविना उतरण्याचा सराव करून घ्यावा. जिथे मनोराच नाही, अशा धावपट्टीवर तर वैमानिक एकमेकांना रेडिओवर सांगूनच जागा ठेवतात. तिथे न बोलणारे विमान आले तर इतरांनी काय करायचे, हेही प्रत्येक संस्थेने लिहून लावले पाहिजे.

एवढा सराव तासाभराच्या उड्डाणात होतो. त्याची लॉगबुकात वेगळी नोंद असल्याशिवाय कोणत्याही विद्यार्थ्याला एकट्याने लांबच्या उड्डाणाची परवानगी मिळू नये, असा नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त उड्डाण प्रशिक्षक, पुणे