स्टँडबाय एलसी ही स्वस्तातली एलसी नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निर्यातविषयक लेखांत नेहमीची एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे खरेदीदाराच्या वतीने पैसे देण्याची बँकेची लेखी ग्वाही) आणि स्टँडबाय एलसी या दोहोंना सरसकट ‘पतपत्र’ म्हटले जाते आणि नवख्या निर्यातदाराची फसगत तिथूनच सुरू होते. बँकेच्या परकीय चलन विभागात नोकरी केलेली असल्याने हा खुलासा करावासा वाटतो.

नेहमीच्या एलसीत पैसे बँकेमार्फतच यायचे असतात. न्हावा शेवा बंदरातून माल रवाना झाला, की निर्यातदार बिल ऑफ लेडिंगसह (जहाज कंपनीने दिलेल्या मालाच्या पावतीसह) सारी कागदपत्रे बँकेत सादर करतो; ती शर्तींबरहुकूम असली, की खरेदीदाराचे मन फिरले तरी बँकेला पैसे द्यावेच लागतात. स्टँडबायमध्ये खरेदीदार परस्पर पैसे पाठवील असे धरलेले असते. त्याने ते थकवले तरच निर्यातदाराने मागणीपत्र, थकबाकीचे निवेदन आणि बहुधा इनव्हॉइसची प्रत घेऊन बँकेकडे जायचे. तोवर मूळ कागदपत्रे खरेदीदाराच्या हाती आणि माल त्याच्या गोदामात पोहोचलेला असतो. म्हणूनच मुदतीला येथे विलक्षण महत्त्व आहे: स्टँडबाय ३१ मार्चला संपत असेल आणि फेब्रुवारीत पाठवलेल्या मालाचे पैसे ९० दिवसांनी, म्हणजे मे महिन्यात, येणे असतील, तर त्या मालापुरता तो कागद निरुपयोगीच होय.

मुळात स्टँडबाय ही हमीच आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय बँकांना इतरांसाठी हमी देण्याची मुभा नसल्याने तिथे तिला एलसीचा पेहराव चढवला गेला.

नियमांची निवडही महत्त्वाची आहे. स्टँडबायला २००७ पासून लागू असलेली यूसीपी ६०० ही एलसीची आंतरराष्ट्रीय नियमावली लावता येते. पण ती माल पाठवण्याच्या व्यवहारांसाठी बेतलेली असल्याने एखाद्या हप्त्याची उचल (म्हणजे बँकेकडून तेवढे पैसे मागून घेणे) मुदतीत न झाल्यास तो आणि पुढचे सारे हप्ते बाद होतात. खास स्टँडबायसाठी केलेल्या आणि १ जानेवारी १९९९ पासून अमलात आलेल्या आयएसपी ९८ या नियमावलीत चुकलेली उचल पुढच्या उचलींच्या आड येत नाही. शिवाय सादरीकरणाच्या अखेरच्या दिवशी बँक बंद असल्यास ती उघडल्यानंतर ३० दिवस मिळतात. यूसीपीत, दंगल वा संपासारख्या कारणाने बँक बंद राहून मुदत उलटली, तर पैसे मिळत नाहीत.

नियमित ग्राहकाला वर्षभर माल पुरवणाऱ्यास स्टँडबाय सोयीचीच आहे. पहिल्याच, अनोळखी खरेदीदाराशी व्यवहार करताना मात्र मी नेहमीच्याच एलसीचा आग्रह धरीन.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी, मुंबई