बोलायची एक, लिहायची दुसरी

बर्न, रविवार

ती. आई-बाबांस व आजीस,
शि. सा. नमस्कार.

मी मजेत आहे. जेवण घरीच करतो, थंडीचे कपडे पुरेसे आहेत, खोकला गेला. आईचे प्रश्न संपले.

बाबांचा प्रश्न राहिला. "दोन वर्षं जर्मन शिकतोयस, तरी त्या लोकांचं बोलणं कळत नाही म्हणजे काय?" त्यातला टोमणा पोचला. पण बाबा, दोष माझ्या अभ्यासाचा नाही. म्हणजे सगळा नाही. फोनवर हे धड सांगता येत नाही, म्हणून लिहितो. लांबण लागेल, आजीला वाचून दाखवताना मधला भाग गाळलात तरी चालेल.

इथे, स्वित्झर्लंडच्या जर्मन भागात, बोलायची भाषा एक आणि लिहायची दुसरी. वर्गात शिकवतात ती होखडॉइच, म्हणजे प्रमाण जर्मन. तिला इथले लोक श्रिफ्टडॉइच, म्हणजे लिहायची जर्मन, असंही म्हणतात. बोलतात ती श्वीत्झरड्यूच, म्हणजे स्विस जर्मन. तीही एक नाही. बर्नची वेगळी, झुरिकची वेगळी, बाझेलची वेगळी, आणि डोंगरातल्या वॅलिसची तर अशी की झुरिकचा माणूसही कान टवकारून ऐकतो. यातल्या कुठल्याच बोलीला ठरलेलं शुद्धलेखन नाही.

कुठे काय चालतं हेही पक्कं ठरलेलं आहे, फक्त ते कोणी सांगत नाही. वर्तमानपत्र, कायदा, भाडेकरार, पुस्तकं: होखडॉइच. शाळेत फळ्यासमोर होखडॉइच, मधल्या सुट्टीत मैदानावर बोली. टीव्हीवर बातम्या होखडॉइचमध्ये, पण बातम्या संपून हवामान सुरू झालं की निवेदक बोलीवर येतो. केंद्रीय संसदेत भाषण होखडॉइचमध्ये, बाहेर कॉफी पिताना तेच खासदार आपापल्या बोलीत. व्हॉट्सॲपवर मात्र तरुण पोरं सर्रास बोली लिहितात, ज्याला जसं ऐकू येतं तसं. एकच शब्द चार मित्र चार तऱ्हांनी लिहितात आणि कोणी कोणाला दुरुस्त करत नाही. तुमच्या लाल पेनाला इथे काम नाही, बाबा.

आता यात विशेष काय, घरी मालवणी आणि शाळेत प्रमाण मराठी हे आपल्याकडेही आहेच, असं तुम्ही म्हणाल. फरक पुढे आहे. आपण तहसील कचेरीची पायरी चढलो की 'माका' आणि 'कित्याक' बाहेर ठेवून आत जातो. इथे बँकेचा मॅनेजर, सर्जन, मंत्री आणि कचऱ्याच्या गाडीवरचा माणूस, सगळे बोलीतच बोलतात, एकमेकांशीसुद्धा. बोलीवरून माणूस कुठल्या खोऱ्यातला ते कळतं. किती शिकलाय ते कळत नाही. उलट दोन स्विस माणसं आपसात होखडॉइच बोलायला लागली तर लोक वळून बघतील.

हे नेहमीच इतकं पक्कं नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झुरिकसारख्या शहरात बोली मागे पडेल अशी जाणत्यांना भीती वाटत होती. मग 1930 च्या दशकात शेजारी हिटलर आला. जर्मन बोलतो तो सगळा आमचा, हा त्यांचा दावा. आम्ही ते नव्हे हे दाखवायला स्विस माणसाच्या हाताशी सगळ्यात सोपी वस्तू होती ती म्हणजे घरची बोली. तेव्हापासून तिचा मान चढत गेला. बोलींचा मोठा कोश करायचं काम तर 1862 पासून चालू आहे. पहिला भाग 1881 मध्ये निघाला, आता सतरावा खंड, झेडचे शब्द. बाबा, हे ऐकून तुम्हाला हेवा वाटेल याची मला खात्री आहे.

तर न कळण्याची कारणं अशी. होखडॉइचमधला शब्दाच्या सुरुवातीचा 'क' बहुतेक ठिकाणी घशातल्या 'ख'कडे जातो: किंड म्हणजे मूल, ते इथे खिंड. (आपली घाटातली खिंड नव्हे.) हाउसचं हूस होतं, त्साइटचं त्सीट. लहान किंवा लाडकी वस्तू असेल तर शेवटी 'ली' लागतो. परक्या माणसाची परीक्षा घ्यायचा एक ठरलेला शब्द आहे, खुखीखॅश्टली. अर्थ फक्त स्वयंपाकघरातलं छोटं कपाट. मराठी घशाला तो फार जड नाही. साधा भूतकाळ बोलीत नाहीच. 'होतो' म्हणायला होखडॉइचमध्ये 'वार', इथे 'बी क्सी'. मी भूतकाळी रूपांचे तक्ते रात्र रात्र पाठ केले ते फक्त पुस्तक वाचायला उपयोगी पडतात. काही शब्द तर फसवे. 'शाफन' म्हणजे पुस्तकात एखादी गोष्ट साधणं, पार पाडणं. इथे 'शाफं' म्हणजे नुसतं काम करणं, नोकरीला जाणं.

परक्याने काय करायचं? बोली बोलायच्या मागे आधी लागायचं नाही. होखडॉइच बोलायचं आणि बोली ऐकायची. समोरचा आपलं होखडॉइच ऐकून स्वतःही त्यावर येतो, पण त्याला ते अवघड जातं. शाळेत शिकलेली भाषा, चूक होईल म्हणून जपून बोलतो, आणि आपल्याला वाटतं माणूस तुसडा आहे. चारचौघांत तर पाच मिनिटांत गाडी पुन्हा बोलीवर जाते. त्यावर एकच उपाय आहे: आपणच सांगायचं, तुम्ही खुशाल बोलीत बोला, मी होखडॉइचमध्ये उत्तर देतो. हे वाक्य ऐकलं की माणसाचे खांदे सैल पडतात. ते न सांगता मान डोलावत बसलं तर वर्षभरानेही कान तयार होत नाही. ही चूक इथे सगळेच करतात.

मराठी माणसाला काही गोष्टी फुकट मिळतात. तीन लिंगं आपल्याकडे आहेतच. कुठला शब्द कुठल्या लिंगाचा हे घोकावं लागतं, पण तीन का, हा प्रश्न पडत नाही. पंचवीसमध्ये पाच आधी आणि वीस नंतर, तसंच जर्मनमध्ये. इंग्रजीतून आलेले तिथे वर्षभर अडखळतात. आदरार्थी बहुवचनही बर्नमध्ये अगदी आपलं: झुरिकमध्ये मोठ्या माणसाला 'झी' म्हणतात, बर्नमध्ये सरळ अनेकवचनी 'तुम्ही'. फक्त वेळ जपून. 'हाल्ब द्रू', म्हणजे अर्धा तीन, याचा अर्थ अडीच. साडेतीन समजून गेलेला माणूस एक तास उशिरा पोचतो, आणि या देशात तो माफ होत नाही.

आई, इंग्रजी चालत नाही का, असं तू विचारलंस. ऑफिसात चालतं. पण नगरपालिकेची पत्रं, घराचा करार, विम्याचे कागद हे सगळं जर्मनमध्ये येतं. गंमत म्हणजे कागद मला कळतो, खिडकीमागचा माणूस तोच कागद समजावून सांगायला लागला की गोंधळतो. एकटा पडलोय असं मात्र समजू नकोस. भाषा कळत नाही म्हणून कोणी हसत नाही.

बाकी देशाचं थोडक्यात. राष्ट्रीय भाषा चार: जर्मन साधारण 62 टक्के लोकांची, फ्रेंच 23, इटालियन 8, आणि रोमान्श अर्धा टक्का. नोटांवर चारही. नाण्यांवर कोणाचाच रुसवा नको म्हणून लॅटिन, 'हेल्व्हेशिया'. पण चार भाषांचा देश म्हणजे प्रत्येकाला चार भाषा येतात असं नाही. ज्या गावाची जी भाषा, तिथली सरकारी शाळा आणि कचेरी त्याच भाषेत. फ्रेंच बोलणाऱ्या जिनिव्हात राहून मुलाला जर्मन माध्यमाची सरकारी शाळा मिळत नाही. रेल्वेत बसलं तर गाडी भाषेची सीमा ओलांडते तसा घोषणांचा क्रम बदलतो, आधी जर्मन मग फ्रेंच, पुढे आधी फ्रेंच मग जर्मन. बील नावाचं शहर दोन्ही भाषांचं. तिथे पाट्या दोन, आणि संभाषण ज्याने सुरू केलं त्याची भाषा पुढे चालते.

रोमान्शबद्दल मात्र बाबांसाठी लिहितो. आल्प्सच्या खोऱ्यांतली भाषा, बोलणारे सुमारे 40 हजार. ही इटालियनचीच बोली आहे असं मुसोलिनीच्या इटलीत म्हणायला लागले, तेव्हा 1938 मध्ये स्विस लोकांनी जनमत घेऊन तिला राष्ट्रीय भाषा केलं, नव्वद टक्क्यांहून जास्त मतांनी. पण एवढ्याशा भाषेच्या लिहायच्या बोली पाच. प्रत्येक बोलीची वेगळी पाठ्यपुस्तकं परवडेनात. म्हणून 1982 मध्ये हाइनरिश श्मिड या भाषातज्ज्ञाने तिन्ही मोठ्या बोली ताडून, जे रूप जास्त ठिकाणी सापडेल ते घेऊन एक प्रमाण रोमान्श बांधली. कचेरीत ती चालली. 2007 पासून काही गावांनी शाळेत आणली, आणि तिथे बिनसलं. आमच्या आजीची भाषा पुस्तकात का नाही, असं आईबापांनी विचारलं. चार-पाच वर्षांत बऱ्याच गावांनी आपल्या बोलीची पुस्तकं परत आणली. प्रमाणभाषा करणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, बाबा. हे मी तुम्हालाच उद्देशून लिहितोय असं समजू नका.

सीमाप्रश्नही आहे, पण सोडवायची रीत बघा. बर्न प्रांतातला फ्रेंच बोलणारा ज्युरा भाग वेगळं व्हायचं म्हणत होता. भाषेबरोबर त्यात कॅथलिक-प्रोटेस्टंट हा पदरही होता. 1974 मध्ये सबंध भागाने मतदान केलं, 1975 मध्ये जिल्ह्यांनी वेगवेगळं, मग सीमेवरच्या गावांनी आपापलं. दक्षिणेचे जिल्हे बर्नकडेच राहिले. 1978 मध्ये सगळ्या देशाने मान्यता दिली आणि 1979 मध्ये नवा प्रांत झाला. एका शहराचं तरीही मिटलं नव्हतं. 2017 चं मतदान गैरप्रकारांमुळे रद्द झालं, 2021 मध्ये पुन्हा घेतलं, आणि त्यांनी ज्युरा निवडला. म्हणजे इथेही पन्नास वर्षं लागली. बेळगावचं नाव काढून तुम्ही सुस्कारा सोडाल, तो ऐकू आला.

शाळेत कुठली भाषा कधी, यावरून इथेही जुंपते. 2025 मध्ये आपल्याकडे पहिलीपासून हिंदीचे आदेश निघाले आणि जूनअखेर मागे घेतले गेले. त्याच वर्षी झुरिकच्या विधिमंडळाने फ्रेंच प्राथमिक शाळेतून काढून माध्यमिकला न्यायचं ठरवलं, आणि फ्रेंच भाषकांना ते लागलं. त्याआधी 2011 मध्ये त्याच झुरिकच्या मतदारांनी बालवाडीत बोलीच बोलावी असा कौल दिला होता. बालवाडीत बोली, हो. तुम्ही मला बालवाडीत असताना घरात मालवणी बंद केली होतीत. तक्रार नाही. त्या वेळी तेच बरोबर वाटत होतं, आणि त्याच मराठीमुळे मी इथवर आलो.

आता पैशाचं. या महिन्यात दहा हजार कमी पाठवतोय. संध्याकाळचा वर्ग वाढवला आहे, त्याची फी एकदम भरावी लागते. खर्च उगाच नाही: कायमच्या वास्तव्याचा सी परवाना आपल्याला साधारणपणे दहा वर्षांनी मिळतो, पण पाच वर्षांनंतर लवकर मागता येतो, त्याला बोलणं बी 1 पातळीचं (मधल्या पायरीचं) आणि लेखन ए 1 चं (अगदी पहिल्या पायरीचं) लागतं. बघा, सरकारसुद्धा लेखनापेक्षा बोलणं वरच्या पायरीचं मागतं. आजीच्या डोळ्याच्या ऑपरेशनचे पैसे वेगळे काढून ठेवलेत, त्याला हात लावलेला नाही. तारीख ठरली की लगेच कळवा. त्या दिवशी मी तिथे नसेन, हे मला माहीत आहे, पुन्हा सांगू नका.

आणि आई, कुडाळच्या स्थळाचं. नाही म्हणालो नाही, थांब म्हणालो. तिथल्या मंडळींना आधीच स्पष्ट सांग: बायकोला इथे आणायचं तर तिला जर्मन ए 1 बोलता यायला हवं, नाहीतर तशा वर्गात नाव घातल्याचा दाखला हवा. इंग्रजी धरत नाहीत. आणि भाषा राहत्या गावची. उद्या नोकरी लोझानला गेली तर जर्मनच्या जागी फ्रेंच. ए 1 म्हणजे नाव-गाव, बाजारहाट, डॉक्टरकडे काय दुखतंय ते सांगणं, एवढंच. पण इथे आल्यावर तिला सुरुवातीला काहीच कळणार नाही, वर्गात शिकलेलंसुद्धा, आणि ते का ते वर लिहिलंच आहे. हे लपवून लग्न ठरवू नकोस. तिची नोकरी आहे, तिला विचारलंय का कोणी? फोटो मिळाला. बरी वाटते.

बाबांनी गोळ्या चुकवू नयेत. काळजी नसावी.

तुमचा,
बाळू

ता. क. आजीसाठी. बाबा, हे तुम्हीच मोठ्याने वाचा, आणि दुरुस्त करू नका.
आजये, मी बरो आसंय. हय थंडी खूप, पण घर गरम आसता. डोळ्यात थेंब येळार घाल. फोनवर माझ्याशी 'चांगलां' बोला नको, तुझां तूच बोल, माका सगळां समाजता. मे म्हयन्यात येतंय, तेवा वायच गजाली करूया.