दुर्बिणीआधी समजावून सांगा

संपादक महोदय,
माझी आई ७८ वर्षांची. चतुर्थीनंतर पोट दुखू लागलं आणि घशातून दुर्बीण घालायची ठरली. भूल देणार नाही म्हटल्यावर मीच घाबरले. गुंगीच्या औषधाने वयस्कर माणसाचा श्वास मंदावू शकतो, ऑक्सिजन घटू शकतो, हे डॉक्टरांनी मी विचारल्यावर सांगितलं. घशात बधिर करणारा फवारा, डाव्या कुशीवर निजणं, सात-आठ मिनिटं. उमासे आले, डोळ्यांतून पाणी वाहिलं. पण नर्सबाई आईचा हात धरून "आजी, लाळ गिळू नका, वाहू द्या" म्हणत राहिल्या. त्या हातानेच आई निभावली. घशाचा बधिरपणा उतरल्यावर पाणी प्यायली आणि डिचोलीच्या बसमध्ये चढली.
गोव्यातल्या इस्पितळांनी ही माहिती मराठी-कोंकणीत, मोठ्या अक्षरांत आधीच हातात द्यावी.

एक मुलगी, डिचोली