काकांना सांग, खांब पाच होते

बंड्या,

काकांच्या नव्या घराबद्दलचा तुझा मेसेज येऊन दोन महिने झाले, ब्लू टिक बघून तू मला किती शिव्या घातल्या असशील ते इथपर्यंत ऐकू आलं. तब्येत बरी आहे, पाठ अधूनमधून धरते. ऑफिसच्या कामाने पोलंडला, वॉर्सात आलोय आणि काल जे बघितलं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू.

इथल्या राजवाड्यात एका खोलीत बेर्नार्दो बेलोत्तो या चित्रकाराची 22 चित्रं आहेत, सगळी वॉर्साची. हा कानालेत्तोचा सख्खा भाचा. व्हेनिसची चित्रं काढणारा कानालेत्तो आठवतो ना, लायब्ररीतल्या त्या फाटक्या पुस्तकात दगड घडवणाऱ्यांचं अंगण, आणि डावीकडे पडून मुतणारं ते पोर, जे तू अख्ख्या वर्गाला दाखवत हिंडलास? त्यात कालव्यापलीकडे चर्चचा उंच मनोरा आहे, तो 1744 ला कोसळला. चित्रात तो अजून उभा आहे.

भाचा 1767 ला इथे आला, राजाने ठेवून घेतलं, 1780 ला इथेच गेला. मामाच्या व्हेनिसपेक्षा याचा उजेड थंड, सावल्या सुरीने कापल्यासारख्या, खिडक्या एकेक मोजून घ्याव्यात. 1944 मध्ये जर्मनांनी शहर ठरवून पाडलं, हा राजवाडासुद्धा सुरुंग लावून उडवला. चित्रं त्यांनी आधीच पळवली होती, ती नंतर परत मिळाली, आणि शहर पुन्हा बांधताना लोकांनी हीच चित्रं समोर धरली.

पण बेलोत्तो जसंच्या तसं काढायचा नाही रे. कॅमेरा ऑब्स्क्युरा, म्हणजे समोरचं दृश्य कागदावर पाडणारी पेटी, वापरायचा, तरी रचनेसाठी प्रमाणं बदलायचा, इमारती सुधारून घ्यायचा. क्राकोव्स्के प्शेद्मेश्चे रस्त्यावर तासभर चाललो, तिथल्या काही घरांवर 19व्या शतकात झालेले बदल पुन्हा बांधताना वगळले आणि त्याच्या चित्रातला चेहरा दिला. म्हणजे त्याने जे मनाने घातलं त्यातलं थोडं आता खरोखरच्या विटांत उभं आहे आणि त्यात लोक राहतात, पडदे लावतात.

मी तिथेच एका बाकावर बसलो आणि तुझा मेसेज पुन्हा काढला. काकांना नव्या घराचा दर्शनी भाग मी काढलेल्या तुमच्या जुन्या वाड्याच्या त्या वॉटरकलरसारखा हवाय.

बंड्या, ते चित्र खोटं आहे. तू तेव्हाच बोलला होतास, "हे आमचं घर नाही", आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस, मेसमध्ये ताट घेऊन वेगळा बसायचास. मी म्हणालो होतो की चित्र आहे, फोटो नाही. ते अजूनही म्हणतो. पण ओसरीचे खांब पाच होते, मी चार काढले कारण पाचवा औदुंबरावर येत होता. सज्जाची डावी बाजू खचली होती, ती सरळ केली. ज्या पायरीवर आजी तांदूळ निवडायला बसायची ती मधोमध झिजून खोलगट झाली होती, मी ती एका ब्रशात सपाट केली. वाडा उभा होता तोवर कुणालाही जाऊन ताडून बघता येत होतं. आता पाडलाय, म्हणून उत्तर लिहायला हात उचलत नव्हता.

इथे तुझ्या पार्टीची माणसंही होती बरं का. युद्धाआधी आर्किटेक्चरच्या पोरांनी जुन्या घरांची मोजमापं घेऊन ठेवली होती, ती कागदपत्रं युद्धात एका मठात लपवली, म्हणून जुन्या भागातलं बरंचसं नीट बांधता आलं. 1980 ला युनेस्कोने तो भाग जागतिक वारसा यादीत घेतला. तूसुद्धा अंगणात पावलं मोजत फिरायचास आणि वहीत लिहायचास. ती हिरव्या पुठ्ठ्याची वही आहे का रे अजून?

धाकटीचं दहावीचं कसं झालं? वहिनींची बदली टळली का? कळव.

माझ्याकडे पेन्सिलचं कच्चं स्केच आहे, रंगवण्याआधीचं, त्यात पाचही खांब आहेत. पुण्याला आलो की त्याच दिवशी स्कॅन करून पाठवतो. तोवर काकांना काम सुरू करू देऊ नकोस.

तुझा,
पक्या