घरी बैलच नाही!

संपादक महोदय,

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात आशा सेविका आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत एका बाईचं मनगट सुजलेलं दिसलं. ‘बैलानं ढकललं,’ म्हणाली. घरी बैलच नाही! दवाखान्याच्या केसपेपरवर ‘पडून मार’, ठाण्यात अदखलपात्र नोंद, पोलीस पाटलांनी समजूत घातलेली. एकाचं दुसऱ्याला ठाऊक नाही. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यानुसार संरक्षण अधिकाऱ्यानं घटना अहवालाची प्रत ठाण्याला द्यायची असते; पण त्याच्यापर्यंत काही पोचलंच नाही. नवऱ्यानं गळा दाबल्याचं तिनं फक्त मला सांगितलं. बाईच्या संमतीनं या नोंदी दर महिन्याला एका टेबलावर आणा. गळा दाबला असेल, तर महिना कशाला, त्याच दिवशी फोन फिरवा. आणि बैठकीत आशालाही खुर्ची द्या, नुसती सही नको.

– एक आशा सेविका, जि. यवतमाळ