श्रीलंकेच्या दौऱ्यावर निघालेल्या मुलीस

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमच्या संघाचे सामने गॉल आणि कँडी या दोन्ही शहरांत आहेत, हे वाचून फार आनंद झाला. मात्र हॉटेल आणि मैदान यांपलीकडे काहीच न पाहता तुम्ही परताल की काय, अशी काळजी वाटते, म्हणून हे पत्र.

गॉलचे मैदान किल्ल्याच्या तटाखालीच आहे आणि लोक तटावर उभे राहून सामना पाहतात. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात तिथे पाय रोवले. १६४० मध्ये डचांनी ते ठाणे जिंकून आजची भक्कम तटबंदी उभारली आणि १७९६ मध्ये ते इंग्रजांच्या हाती गेले. वसईचा पोर्तुगीज किल्ला तू पाहिला आहेस. तो आज ओस आहे, पण गॉलच्या तटाआत अजून संसार नांदतात, मशीद, चर्च आणि बौद्ध विहार जवळजवळ उभे आहेत, म्हणून मला गॉल अधिक मोलाचे वाटते. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीचे पाणी या मैदानावरून गेले. तटाआतली वस्ती बरीचशी बचावली, मैदान मात्र उद्ध्वस्त झाले. तिथे पुन्हा कसोटी सामना झाला तो डिसेंबर २००७ मध्ये, इंग्लंडविरुद्ध. तू ऑफस्पिन टाकतेस, तेव्हा हेही ध्यानात असू दे की मुरलीधरनने आपला आठशेवा कसोटी बळी याच मैदानावर, जुलै २०१० मध्ये भारताविरुद्ध घेतला आणि तिथेच कसोटी क्रिकेटचा निरोप घेतला.

कँडीला बुद्धाच्या दंतधातूचे, म्हणजे त्याचा दात म्हणून जपलेल्या पवित्र अवशेषाचे, मंदिर आहे. तिथे खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला, पादत्राणे बाहेर काढा आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र मुळीच काढू नका. तो तिथे अपमान समजतात. शेजारीच जुना राजवाडा आहे. इंग्रजांनी १८१५ मध्ये इथल्या शेवटच्या राजाला पदच्युत केले आणि पुढे त्याला आपल्याकडच्या वेल्लोरच्या किल्ल्यात ठेवले.

गॉलच्या सामन्याच्या आदल्या दिवशी सराव आटोपल्यावर सगळ्या मुलींना तटावरून एक फेरी मारू द्यावी, अशी विनंती तू स्वतः प्रशिक्षकांना कर. मैदान वरून पाहिलेस, तर समुद्रावरचा वारा कोणत्या बाजूने येतो तेही कळेल आणि कोणत्या टोकाकडून गोलंदाजी मागायची ते तुला ठरवता येईल.

तुझी,
आई